डॅनिश स्टोनवेअरचा झुलता दिवा टांगण्याआधी

स्टोनवेअरचा, म्हणजे खूप तापवून भाजलेल्या घट्ट मातीचा, जुना डॅनिश दिवा हातात आला की रंग, ग्लेझ (मातीवरचा काचेसारखा थर), सही हे सगळं नंतर. आधी वरच्या भोकाची कडा बघा. सगळा भार त्या बोटभर भोकाभोवती तोललेला असतो, आणि साठ वर्षांत तडा गेलाच असेल तर तो तिथे असण्याची शक्यता सर्वांत जास्त. खोलीत अंधार करा, आत टॉर्च लावा आणि बाहेरून कडेवर डोळा फिरवा. मग दिवा दोरीने अधांतरी धरून बोटाच्या पेराने हलकेच वाजवा. अखंड असेल तर खणखणीत वाजतो, तडा असेल तर बद्द. ग्लेझवर बारीक जाळं दिसलं तर घाबरू नका. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं की ते पडतं आणि वरच्या थरापुरतंच असतं. नख अडकलं तर मात्र चीर आहे असं समजा. असा दिवा फडताळात ठेवा, माणसांच्या डोक्यावर टांगू नका, कितीही सफाईने चिकटवलेला असला तरी.

आतल्या बाजूला बनवणाऱ्या कार्यशाळेचा ठसा आहे का बघा आणि त्याचा फोटो काढून ठेवा, कारण नवी फिटिंग बसली की तो झाकला जाऊ शकतो. उदाहरणार्थ, डेन्मार्कच्या बोर्नहोल्म बेटावरच्या रॉन्ने गावात १८३५ साली सुरू झालेली सोहोल्म ही कार्यशाळा १९९६ मध्ये बंद झाली. आयनार योहान्सेन यांनी १९६०च्या दशकात तिच्यासाठी घडवलेल्या दिव्यांना आजही मागणी आहे, त्यामुळे त्या ठशाला मोल आहे.

वायर मात्र सरळ बदला. साध्या बल्बच्या उष्णतेने होल्डरजवळचं आवरण वाळून कडक होतं, वाकवलं की त्याचे तुकडे पडतात. डेन्मार्कमध्ये आणि भारतात वीज सारखीच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, म्हणून ट्रान्सफॉर्मरची गरज नाही. होल्डर तिकडच्यासारखा आट्यांचा, ई२७च घ्या. त्याचे बल्ब आपल्याकडेही सहज मिळतात. पितळी दांडी, सागवानी टोपी असे मूळचे भाग टाकून देऊ नका. धातूचे भाग असतील तर अर्थिंगची तिसरी तार हवीच.

वायर काढलेली असतानाच दिवा धुऊन घ्या. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, बस्स. व्हिनेगर किंवा बाथरूमचं अॅसिड लावू नका, मॅट ग्लेझवर कायमचा डाग पडतो. ग्लेझ नसलेला भाग पाणी धरतो, म्हणून पूर्ण वाळू द्या.

फिटिंग बसवताना वायरमनच्या शेजारी उभे राहा. नट आणि माती यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना रबर किंवा फेल्टचा वॉशर हवा, आणि नट हातानेच आवळायचा, पान्याने नाही. तापल्यावर पितळ मातीपेक्षा जास्त फुगतं. वॉशर नसेल, त्यात नट गच्च आवळलेला असेल, तर तो ताण मातीवर येतो. चांगल्या दिव्याचं इतकं सहज टाळता येणारं दुसरं नुकसान नाही, कारण वॉशर दहा-वीस रुपयांना मिळतो.

वजन हुकावर हवं, वायरच्या जोडावर नव्हे. स्लॅबमधला पंख्याचा हुक उत्तम. पीओपीच्या फॉल्स सीलिंगवर अजिबात भरवसा ठेवू नका, तिथून वर स्लॅबपर्यंत अँकर न्या. डेन्मार्कमध्ये दिवा जेवणाच्या टेबलावर चांगला खाली आणतात. टेबलापासून साधारण ६० सेंटिमीटर ठेवा, म्हणजे समोरच्याचं तोंडही दिसतं आणि बल्ब डोळ्यांत जात नाही. स्टोनवेअरमधून उजेड आरपार येत नाही, तो फक्त खाली पडतो, म्हणून २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, पाच-सात वॉटचा एलईडी पुरतो आणि आत उष्णताही कमी साठते.

टांगायच्या दिवशी मेन स्विच बंद करा, टेबलावर जाड गादी अंथरा आणि दोघं जण असा: एकाने दोन्ही हातांनी दिवा खालून धरायचा, दुसऱ्याने वर जोडणी करायची. खालच्याने दिवा सोडायचा तो वरच्याने सांगितल्यावरच.