टाइट्स रंगवायच्यात? आधी पुठ्ठा कापा

शाळांच्या गॅदरिंगचे दिवस आले की आमच्या वेंगुर्ल्याच्या घराच्या पडवीत पाय लोंबत असतात. पुठ्ठ्याचे. जलपरी, मोर, कोळीनृत्य, बाईंनी जे बसवलं असेल त्याप्रमाणे पोरींच्या टाइट्स मी रंगवून देते. 'त्यात काय, ब्रश घ्यायचा नि फिरवायचा' असं सांगणारे भेटतात, त्यांनी स्वतः एकही जोडी रंगवलेली नसते.

टाइट्स ६० डेनियर किंवा त्याहून जाड घ्या. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन; आकडा लहान तितकं कापड झिरझिरीत. १५-२० डेनियरवर रंग थांबतच नाही, आरपार जातो. नवी जोडी साध्या साबणाने धुवा, कम्फर्ट-बिम्फर्ट घालू नका. रंग फॅब्रिक कलरच हवा. पोस्टर कलर पहिल्या घामाला पायावर उतरतो आणि ऑइल पेंट कडक होतो.

आता खरी गोष्ट. पहिल्यांदा मी टाइट्स टेबलावर पसरल्या आणि पोटरीवर सुरेख गोल फूल काढलं. भाचीने त्या घातल्या आणि फुलाचं अंडं झालं, वर मधोमध भेगा. कारण साधं आहे. हे विणलेलं कापड. सैल असताना त्याचे फासे एकमेकांना चिकटून असतात, त्यांच्यावर रंगाचा एकच पापुद्रा बसतो. पाय आत गेला की फासे उघडतात आणि पापुद्रा फाटतो. म्हणून मग कुणीतरी सांगितलं तसं स्वतःच्या पायात घालून रंगवल्या. पाऊण तास गुडघा न वाकवता बसले, आणि काढताना रंगाबरोबर पायाचे केसही आले. हा सल्ला अजून लोक देतात. ऐकू नका.

कापड पायावर जितकं ताणलं जातं, तितकंच ताणून रंगवायचं. त्यासाठी पुठ्ठा. आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा उत्तम, तो आमच्याकडे मे महिन्यापासून माळ्यावर पडलेलाच असतो. जी घालणार तिला उभी करा आणि घोटा, पोटरी, गुडघा, मांडी असे घेर टेपने मोजा. प्रत्येक घेराच्या निम्मी पुठ्ठ्याची रुंदी. पोटरी २८ सेंटीमीटर असेल तर पुठ्ठा तिथे १४. मापं अंदाजाने घेऊ नका, दुसरीतल्या मुलीचा आणि आठवीतल्या मुलीचा पाय एक नसतो. 'जास्त ताणलेलं बरं' हेही खोटं. जास्त ताणून रंगवलं की कापड मागे येताना रंग त्याला येऊ देत नाही, आणि सगळं आमसुलासारखं सुरकुततं.

कापलेला पाय दोन्ही बाजूंनी ब्राऊन टेपने पूर्ण गुंडाळा, कडासुद्धा. नुसत्या पुठ्ठ्याच्या कडेला नायलॉनचा धागा अडकला की वरपासून खालपर्यंत शिडीसारखी उसवण पडते, आणि पाझरलेला रंग पुठ्ठ्याला चिकटून कागदासकट निघतो. टेपवर यातलं काही होत नाही. टाइट्स चढवताना नखं कापलेली हवीत, अंगठी काढलेली. वीण सरळ बसली की नाही ते मागच्या शिवणीवरून पाहा.

रंगात पाणी घालू नका, धाग्याधाग्याने पसरतं. पातळ करायचाच तर फॅब्रिक मिडियम घाला, दाटपणा सायीइतका ठेवा. ब्रश ओढायचा नाही, टेकवायचा. मोठ्या भागाला स्पंजचा तुकडा. काळ्या कापडावर आधी पांढरा हात द्या, नाहीतर निळा-हिरवा दिसतच नाही. गुडघ्यामागची खोबण आणि मांडीची आतली बाजू कोरी सोडा. पंधरा मिनिटांनी वरून हात घालून कापड टेपपासून अलगद सोडवा. दुसरी बाजू पहिली सुकल्यावरच.

नक्षी सुटी-सुटी काढा, सलग रंग कमी. माझी आवडती म्हणजे बांगड्याची पाठ: निळसर हिरव्यावर डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या काळपट रेघा, खाली चंदेरी. आईने तिखल्यासाठी आणलेला एक बांगडा मी ताटलीत घेऊन बसते. फोटोत तो हिरवा उतरत नाही. एकदा एका बाईंनी सावंतवाडीच्या गंजिफ्यावरचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल खेळपत्त्यांवरचा, मत्स्यावतार मागितला. सरळ नाही म्हटलं. देव पायावर काढायचा? गंजिफ्याच्या काठाची फुलं काढून दिली, तीही घोट्याच्या बरीच वर.

सुकवणं: पंख्याखाली एक दिवस, पावसाळ्यात दोन. बाहेर नको, समुद्राकडच्या वाऱ्याबरोबर येणारी रेती ओल्या रंगात बसते.

मग इस्त्री. पुठ्ठा आधी काढा, टेप वितळते. आत बटर पेपर सरकवा, वर जुन्या पंच्याचं कापड ठेवा, इस्त्री नायलॉनच्या खुणेवर. एका जागी न थांबता तीन-चार मिनिटं फिरवा. सुती कापडाच्या उष्णतेवर ठेवलीत तर नायलॉन इस्त्रीलाच चिकटेल आणि त्यातलं लवचीक सूत मरेल.

तीन दिवस पाणी लावू नका. नंतर उलट्या करून गार पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, चिमटा कमरपट्टीला लावा. कुठे टवका उडालाच तर पुठ्ठ्यावर परत चढवून तेवढाच ठिपका भरा. म्हणून पुठ्ठे फेकू नका, त्यावर मुलीचं नाव आणि वर्ष लिहून ठेवा. पुढच्या वर्षी मात्र माप परत घ्यायचं.