जुनी ट्रंक दानात आली, तर

गावच्या छोट्या संग्रहालयात वसाहतकाळातली ट्रंक येते. आत पत्रांची चळत, अल्बम, काचेच्या निगेटिव्ह, निळे नकाशे (ब्लूप्रिंट), पितळी पाटी, लोकरी कोट. लगेच पुसापुशी सुरू करू नका. आधी ट्रंक जशी भरली आहे तसे थरागणिक फोटो काढा. बिननावाच्या फोटोतला माणूस पुष्कळदा शेजारच्या पत्रावरूनच ओळखू येतो. तो क्रम मोडला की हा दुवा कायमचा गेला.

दाते समोर असतानाच विचारून घ्या: वस्तू कुणाची, घरात कशी आली, तिला काय म्हणत. दानपत्रावर सही घ्या आणि वस्तू कायमची दिली की ठेवायला दिली, हे त्यात स्पष्ट लिहा.

नोंदवहीतला क्रमांक तीन भागांचा ठेवा. 2025.4.17 म्हणजे 2025 सालच्या चौथ्या दानातली सतरावी वस्तू. कागदावर तो मागे, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई पलीकडे उमटते. पितळेवर पॅरालॉइड बी-72 या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक राळेचा थर, तो वाळल्यावर क्रमांक, वर पुन्हा थर. हे अ‍ॅसिटोनने काढता येतं. कोटासाठी सुती नाडीवर क्रमांक लिहून ती अस्तराला दोन टाक्यांनी अडकवा.

लोकरीत कसर असतेच असं समजून चाला. कोट पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे 20 अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर गार कापडावर दव धरतं. काचेच्या निगेटिव्ह फ्रीझरमध्ये घालू नका. त्या कडांनी धरा, एकेक कागदी पाकिटात घाला आणि लांब कडेवर उभ्या ठेवा. आडव्या रचल्या तर वरच्यांच्या वजनाने खालच्या तडकतात.

पत्रांच्या टाचण्या काढा, गंज कागद खातो. जुनी तपकिरी पडलेली शाई बहुधा लोहयुक्त असते. ती आम्लधर्मी असल्याने अक्षरांच्या जागी कागद ठिसूळ होतो. अशा पत्राला पाणी लावू नका आणि लॅमिनेशन तर कधीच नको. पत्रांना आम्लविरोधी (अल्कली मिसळलेल्या) कागदाचं पाकीट चालतं, पण निळ्या नकाशांना नाही: अल्कलीने तो निळा रंग उडतो. त्यांना साधा, आम्लरहित पण अल्कली न मिसळलेला कागद द्या. पितळ चकाकवू नका. प्रत्येक पॉलिशबरोबर कोरीव अक्षरांची धार झिजते.

सगळ्यात जास्त वेळ अल्बममध्ये फोटोंखाली लिहिलेल्या ओळींना द्या. त्यांत अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, सगळं असतं आणि बाकीचे नुसते ‘नेटिव्ह’ किंवा ‘नोकर’. मूळ ओळ अवतरणात, शब्द न बदलता उतरवा, कारण ती कुणी कशी लिहिली हाही पुरावाच आहे. आपलं वर्णन वेगळ्या रकान्यात: ‘डावीकडे उभा पुरुष, हातात मोजणीची साखळी, नाव नोंदलेलं नाही’. मग मोठी प्रत भिंतीवर लावा आणि जाणत्या माणसांना दाखवा. कुणी नाव सांगितलं तर सांगणाऱ्याचं नाव व तारीखही नोंदवा. दोघांनी वेगवेगळी नावं सांगितली तर दोन्ही ठेवा.

मूळ फोटो मांडायचाच असेल तर प्रकाश 50 लक्सपर्यंत (लक्स हे उजेडाचं माप), तोही काही महिनेच. उडालेला रंग अंधारात ठेवून सहसा परत येत नाही, म्हणून कायमच्या मांडणीत प्रतच लावा आणि पाटीवर तसं लिहा.