जुना लाकडी बॉक्स कॅमेरा कसा ओळखावा, कसा घ्यावा

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी किंवा मुंबईच्या चोरबाजारात कधीतरी अशी पेटी हाती लागते. काळं चामडं चढवलेली, समोर भिंगाचं बारीक भोक, रोल फिरवायला किल्ली, वर चामड्याची मूठ. विकणारा "इंग्रजांच्या काळातला" एवढंच सांगतो. पुढची हकिगत पेटीच्या आत लिहिलेली असते, म्हणून बाहेरच्या चकाकीवर भाव ठरवू नका.

कमी पैशात सुरुवात करायची तर 1888 च्या पहिल्या कोडॅकचा नाद सोडा. तो तेव्हाही 25 डॉलरचा होता आणि आज त्याच्यामागे मोठे संग्राहक असतात. 1895 नंतरच्या पंधरा-वीस वर्षांतले साधे कॅमेरे शोधा: कोडॅकचे बुल्स-आय आणि बुलेट, हॉक-आय नावाचे कॅमेरे, इंग्लंडचे, फिल्मऐवजी काचेच्या प्लेटवर चित्र घेणारे. ते भरपूर निघाले, म्हणून अजून आवाक्यात आहेत.

पायरी 1. लगेच उघडू नका. मागे लाल काच असेल तर किल्ली हळूच फिरवा. काचेतून कागद किंवा आकडे सरकताना दिसले तर आत रोल आहे. त्यावर शंभर वर्षांपूर्वीचे कुणाचे तरी चेहरे असू शकतात. तो पूर्ण अंधारातच काढा. रिकामा लाकडी स्पूल, म्हणजे रोल गुंडाळायची फिरकी, मिळाला तर तोही जपून ठेवा.

पायरी 2. लाकूड की पुठ्ठा, ते बघा. चामड्याखाली काय आहे ते बाहेरून कळत नाही. 1900 चा कोडॅकचा एक डॉलरचा ब्राउनी मुख्यतः जाड पुठ्ठ्याचा होता, आणि तसे अनेक कॅमेरे लाकडी म्हणून विकले जातात. झाकण उघडून कोपरे पाहा. फळ्यांचे सांधे आणि लाकडाच्या रेषा दिसतात. पुठ्ठ्याच्या कडा मऊ पडून पदर सुटलेले असतात.

पायरी 3. फिल्मचा नंबर शोधा. ओळख पटवायला याहून चांगला पुरावा नाही. आतल्या लेबलवर कोणता रोल वापरायचा ते छापलेलं असतं. 101 असेल तर त्या नंबरचा रोल 1895 मध्ये आला, चित्र साडेतीन इंच चौरस, आणि पेटी बहुधा नंबर 2 बुल्स-आय. 116 नंबर 1899 मध्ये आला, 120 नंबर 1901 मध्ये. लेबल गेलं असेल तर फिल्मसमोरची चौकट पट्टीने मोजा. 89 मिलिमीटर चौरस म्हणजे 101, आणि साधारण 57 बाय 83 असेल तर बहुधा 120.

नावातल्या "नंबर 2" वरून मात्र फसू नका. तो चित्राचा आकार सांगतो, दुसरी आवृत्ती असा त्याचा अर्थ नाही. हॉक-आय हे नावही तसंच फसवं. ते आधी बोस्टनच्या ब्लेअर कंपनीचं, पुढे कोडॅकने घेतलं आणि कित्येक वर्षं चालवलं. तिथे नावापेक्षा कंपनी आणि गाव वाचा.

पायरी 4. पेटंटच्या तारखा वाचा. विक्रेते पहिली तारीख दाखवून तेच साल सांगतात. तुम्ही शेवटची बघा. ती 1897 ची असेल तर कॅमेरा त्याआधीचा असूच शकत नाही, नंतरचा मात्र असू शकतो.

पायरी 5. लाल काच नसेल तर तो बहुधा प्लेटचा कॅमेरा. बुचर कंपनीचा मिज हा त्यातला ओळखीचा. आत पत्र्याच्या पातळ, सुट्या म्यानांत क्वार्टर प्लेट, म्हणजे सव्वातीन बाय सव्वाचार इंचांच्या काचा बसतात. फोटो काढला की खटका दाबून पुढची काच खाली पडते. ही म्यानं किती आहेत ते मोजून घ्या. ती नसतील तर कॅमेरा अर्धा समजा आणि भावही तसाच सांगा.

घेताना शटर दोन-चार वेळा दाबून बघा. लाकडाला बारीक भोकं असतील आणि ताजा भुसा गळत असेल तर भुंगा जिवंत आहे, तो घरातल्या फर्निचरलाही लागेल. तसा कॅमेरा सोडून द्या. फुलीचे स्क्रू दिसले तर ती नंतरची दुरुस्ती किंवा शोभेची नक्कल. शटरच नसेल तर बहुधा नक्कल.

घरी आणल्यावर कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा, तेवढंच. चामड्याला पाणी किंवा बुटाचं पॉलिश लावू नका, पितळ घासू नका, व्ह्यूफाइंडरचा आरसा तर पुसूच नका, चांदी निघून येते. पावसाळ्यात बंद डब्यापेक्षा हवेशीर कपाट बरं.

प्लेटच्या कॅमेऱ्यात फोटोपेपर कापून घातला तर आजही चित्र येतं. 120 लिहिलेली पेटी मिळाली तर ताजा रोल दुकानात मिळतो. लाल काचेवर तेवढी काळी चिकटपट्टी लावा आणि रोल पुढे सरकवतानाच ती उचला. त्या काळची फिल्म लाल उजेडाला दाद देत नसे, आजची देते.