वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया निवडताना या चुका टाळा

आमच्या थोरल्या ताईने सहा वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन स्लीव्हची, म्हणजे जठर कापून अरुंद करण्याची, शस्त्रक्रिया करून घेतली. वजन ११२ किलोंवरून ७९ किलोंवर आले, गुडघ्यांचे दुखणे कमी झाले आणि ती पुन्हा दारव्ह्याच्या आठवडी बाजारात पायी जाऊ लागली. मात्र दुसऱ्या वर्षापासून तिला रात्री आडवे होता येईना. ओसरीतल्या खाटेवर, भिंतीला दोन उशा टेकवून ती बसल्याबसल्या झोपत असे आणि पहाटे घशात आंबट पाणी आले की उठून चूळ भरत असे. शस्त्रक्रियेच्या आधी कितीतरी वर्षे ती छातीत जळजळ होते म्हणून मेडिकलमधून पित्ताची गोळी आणून घेत होती. ही गोष्ट रुग्णालयात तिला कोणी विचारली नाही आणि आम्हीही सांगितली नाही, कारण आमच्याकडे पित्ताला आजार म्हणून कोणी मोजतच नाही. शेवटी स्लीव्हचे जठराच्या बायपासमध्ये (हृदयाच्या नव्हे) रूपांतर करावे लागले. दोनदा भूल, दोनदा खर्च आणि मधली तीन वर्षे न झोपलेल्या रात्री.

चूक शस्त्रक्रियेची नव्हती, निवडीची होती, आणि त्या निवडीत आम्ही घरचे सगळे सामील होतो. कोणत्या शस्त्रक्रियेने किती किलो उतरतात, एवढेच आम्ही विचारले. ताईच्या शरीराला आणि आमच्या गावातल्या घराला त्यांतली कोणती पेलेल, हे विचारायचे राहून गेले.

शस्त्रक्रियेचा अर्थ न समजता सही करणे

“मले त पोट कमी करायचं हाये, बाकीचं तुमी पाहा,” असे म्हणून कागदावर अंगठा किंवा सही करणारे अनेक रुग्ण असतात. त्यांतल्या काहींच्या मनात चरबी ओढून काढण्याचे, म्हणजे लायपोसक्शनचे चित्र असते. लायपोसक्शन ही शरीराच्या आकाराची शस्त्रक्रिया आहे, तिने मधुमेह सुधारत नाही आणि लठ्ठपणाचा आजार जात नाही. वजनाच्या शस्त्रक्रिया जठरावर आणि आतड्यावर होतात, पोटावरच्या चरबीला तिथे हातही लावला जात नाही.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा बाहेर काढतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः कापलेल्या भागातच तयार होत असल्यामुळे भूकही कमी होते. आतड्याला धक्का लागत नाही, पण काढलेले जठर परत बसवता येत नाही. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलीलीटरची छोटी पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेले जठर आणि लहान आतड्याचा पहिला भाग पोटातच राहतो, पण अन्न तिथून जात नाही. मिनी बायपासमध्ये दोनऐवजी एकच जोड असतो आणि सहसा दीड ते दोन मीटर आतडे वगळले जाते. ‘मिनी’ या शब्दाने फसू नये. शस्त्रक्रियेचा वेळ कमी लागतो म्हणून तिचे परिणाम छोटे होत नाहीत. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, दोन मीटर आतडे वगळलेल्या मिनी बायपासच्या गटात पोषणाच्या गंभीर तक्रारी आढळल्या, तर नेहमीच्या बायपासच्या गटात तशी एकही आढळली नाही. वजन मात्र दोन्हींत सारखेच उतरले होते.

जठरात फुगा बसवणे ही शस्त्रक्रिया नव्हे. तो साधारण सहा महिन्यांनी, काही प्रकारांत वर्षाने काढतात, आणि खाण्याची सवय बदललेली नसेल तर वजन परत चढते. जठराला पट्टा बसवण्याची पद्धत आता जवळजवळ मागे पडली आहे.

जळजळ हा आजार नाही असे समजणे

ताईच्या बाबतीत झालेली चूक हीच होती, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. स्लीव्हनंतर जठराची नळी अरुंद होते, तिच्यातला दाब वाढतो आणि आम्ल वर अन्ननलिकेत चढणे सोपे होते. आधीपासून जळजळ असेल तर ती वाढू शकते आणि नसेल तर नव्याने सुरू होऊ शकते. फिनलंडमध्ये २४० रुग्णांना चिठ्ठी टाकावी तसे स्लीव्ह आणि बायपास अशा दोन गटांत विभागून त्यांचा दहा वर्षे पाठपुरावा केला गेला. दहा वर्षांनंतर तपासलेल्यांपैकी स्लीव्हच्या गटात ३१ टक्के रुग्णांच्या अन्ननलिकेला सूज होती आणि बायपासच्या गटात ७ टक्के. त्याच अभ्यासात जास्तीच्या वजनापैकी स्लीव्हने सरासरी ४३.५ टक्के आणि बायपासने ५१.९ टक्के वजन उतरलेले होते. किलोंचा फरक असा फार मोठा नाही. आम्लाचा फरक मात्र रोजच्या झोपेशी निगडित आहे.

म्हणून शस्त्रक्रियेचा प्रकार ठरवण्याआधी दुर्बिणीतून जठर आणि अन्ननलिका पाहून घ्यावी. अन्ननलिकेला सूज असेल, अस्तर बदललेले असेल किंवा छातीच्या पडद्यातून जठर वर सरकलेले असेल, तर स्लीव्हविषयी डॉक्टरांना पुन्हा विचार करायला सांगावे. पित्ताच्या गोळ्या किती वर्षे घेतल्या, रात्री उशी उंच लागते का, पहाटे कोरडा खोकला येतो का, हे त्यांनी विचारले नाही तरी आपण सांगावे. अशा रुग्णासाठी मिनी बायपासचाही विचार जपूनच करावा लागतो, कारण तिथे आम्लाऐवजी यकृतातून आतड्यात उतरणारे पित्त वर येण्याची शक्यता असते.

मधुमेह किती जुना आहे हे न पाहणे

मधुमेहासाठी बायपासचा परिणाम सामान्यतः स्लीव्हपेक्षा थोडा सरस ठरतो. परंतु स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करण्याची ताकद किती उरली आहे, यावर बरेच काही अवलंबून असते. दोन-तीन वर्षांचा, गोळ्यांवर असलेला मधुमेह आणि पंधरा वर्षांचा, इन्सुलिनवर असलेला मधुमेह यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सी-पेप्टाइडच्या रक्तचाचणीतून त्याचा अंदाज येतो, ती मागून घ्यावी. “शुगर कायमची जाईल” असे आश्वासन कोणी देत असेल, तर त्याला ही चाचणी दाखवून मगच बोलायला सांगावे.

गावी परतल्यानंतरचे आयुष्य विचारात न घेणे

नागपूरच्या दवाखान्यात चार दिवस काढायचे असतात, गावात पुढची तीस वर्षे. बायपासनंतर, आणि बऱ्याच प्रमाणात स्लीव्हनंतरही, जीवनसत्त्वे आणि क्षार जन्मभर घ्यावे लागतात. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः आतड्याच्या पहिल्या भागात शोषले जातात आणि बायपासमध्ये नेमका तोच भाग वगळला जातो. ज्या बाईचे हिमोग्लोबिन आधीच आठ-नऊ आहे, पाळी अंगावरून जास्त जाते आणि आयर्नच्या गोळ्या दोन आठवड्यांत सुटतात, तिच्यासाठी बायपास ठरवण्याआधी हिमोग्लोबिन भरून काढणे आणि पुढच्या गोळ्यांची व्यवस्था लावणे हे निम्मे काम आहे. माळकरी किंवा पूर्ण शाकाहारी घरात बी-१२ बहुधा आधीच कमी असते. त्याची गोळी रोज किंवा इंजेक्शन महिन्याला, हे गावाजवळच्या डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवावे.

ताईच्या घरी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर स्टीलचा खणांचा मसाल्याचा डबा आहे. त्यात हळद-तिखटाऐवजी गोळ्या आहेत. सकाळच्या खणात लोह, दुपारच्या आणि रात्रीच्या खणांत कॅल्शियम, कारण दोन्हींमध्ये किमान दोन तासांचे अंतर लागते, एकत्र घेतले तर लोह नीट लागत नाही. नातवंडांना त्या डब्याला हात लावायची मनाई आहे. रिकामा खण दिसला की भाचा दारव्ह्याहून गोळ्या घेऊन येतो. एवढी शिस्त जमेल की नाही, हे घरच्यांनी प्रामाणिकपणे बसून ठरवावे आणि जमणार नसेल तर तेही सर्जनला सांगावे.

पूर्व विदर्भातील रुग्णांसाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेलच्या रुग्णात भूल, ऑक्सिजनची कमतरता आणि शरीरातले पाणी कमी होणे या तिन्हींमुळे त्रास उफाळू शकतो, आणि वजनाच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे घोटघोट पाणी पिण्याचेच असतात. शिवाय अशा रुग्णात तीन महिन्यांच्या साखरेची एचबीए१सी चाचणी फसवी ठरू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात होणारी सोल्युबिलिटी चाचणी आधी करून घ्यावी आणि ती पॉझिटिव्ह आली तर पुढची इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी केल्याशिवाय पुढे जाऊ नये. पाण्याचा विचार इतरांनीही करावा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, एका वेळी दोन घोटांपेक्षा जास्त न पिता येणाऱ्या माणसाने दिवसाला दीड-दोन लिटर पाणी पोटात घालायचे, हे फार कठीण आहे. निकड नसेल तर पावसाळा लागल्यावरची किंवा हिवाळ्यातली तारीख घ्यावी. जड ओझे साधारण सहा आठवडे उचलायचे नसते, त्यामुळे पेरणी आणि कापूस वेचणीचे दिवसही त्यात मोजावेत.

खर्ऱ्याबद्दल, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूबद्दल, मात्र मला कठोरपणेच लिहायचे आहे. बायपासमध्ये जठराची पिशवी आणि आतडे जिथे जोडतात, त्या जोडावर व्रण होऊ शकतो. तंबाखूचे व्यसन आणि दुखण्याच्या गोळ्या ही त्याची मोठी कारणे आहेत. दिवसाला चार पुड्या घोटून खाणारा माणूस “ऑपरेशननंतर सोडतो” म्हणतो तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवून बायपास करणे धोक्याचे आहे, तंबाखू आधी सुटली पाहिजे. तसेच कंबर किंवा गुडघे दुखले की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी मागून घेण्याची सवय बायपासनंतर कायमची बंद करावी लागते. ज्यांना संधिवातामुळे या गोळ्या टाळताच येत नाहीत, त्यांच्यासाठी स्लीव्हकडे झुकणारा निर्णय योग्य ठरू शकतो. दारूचेही तसेच आहे. बायपासनंतर ती रक्तात फार लवकर चढते, मग ती दुकानातली असो की मोहाची.

लग्न झालेल्या तरुण मुलींनी शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबून चालत नाही. हे सासूबाईंनाही आधी समजावून सांगितलेले बरे.

पात्रता आणि विमा एकच समजणे

उंची ५ फूट २ इंच आणि वजन ९२ किलो असलेल्या बाईचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सुमारे ३७ येतो. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी सुधारलेल्या निकषांनुसार ३५ च्या पुढे, सोबत आजार असो वा नसो, शस्त्रक्रिया सुचवता येते. मधुमेह असल्यास ३० पासून, आणि आशियाई लोकांसाठी मर्यादा आणखी खाली धरावी असेही त्यांत म्हटले आहे. विम्याचे निकष मात्र वेगळे आहेत. विमा नियामकाने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या अटींत बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक, अथवा ३५ च्या पुढे आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह यांपैकी काही, असे लिहिले आहे. म्हणजे डॉक्टरांच्या दृष्टीने पात्र असलेला रुग्ण विम्याच्या दृष्टीने अपात्र ठरू शकतो. शेत गहाण ठेवण्याआधी कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. सरकारी योजनेबाबत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शस्त्रक्रियेचे नेमके नाव सांगून विचारावे. पुढच्या गोळ्या आणि वर्षातून एक-दोनदा होणाऱ्या रक्ततपासण्या यांचा खर्च सहसा पॅकेजमध्ये धरलेला नसतो, तो आपल्या वहीत आधीच मांडावा.

शस्त्रक्रिया झाली आहे आणि काही बिघडले आहे

स्लीव्हनंतर जळजळ सुरू झाली तर लगेच दुसऱ्या शस्त्रक्रियेकडे धावू नये. आधी दुर्बिणीची तपासणी, औषधे, रात्रीचे जेवण लवकर घेणे आणि खाटेची डोक्याकडची बाजू विटांवर उंच करणे, हे पाहावे. एवढे करूनही त्रास राहिला तर बायपासमध्ये रूपांतर हा मार्ग आहे.

बायपासनंतर गोड खाल्ल्यावर घाम, धडधड आणि गळून गेल्यासारखे वाटणे हे डंपिंग असते. गेल्या पोळ्याला ताईने अर्धी पुरणपोळी खाल्ली आणि वीस मिनिटांत ती पडवीत घामाने भिजून बसली. शेजारच्या बायकांना वाटले, हृदयाचा झटका आला. आता ती आधी कढी आणि अंडे खाते आणि मग पुरणाचा एक घास.

वजन परत चढू लागले तर ऑपरेशन फेल झाले असे मानण्याआधी आठ दिवस खाल्लेले-प्यायलेले सगळे लिहून काढावे. बहुतेक वेळा दिवसभरातला साखरेचा चहा आणि आलूबोंडा-पोह्यांची जोडी त्यात सापडते, आणि दिवसाला लागणारी ६० ग्रॅम प्रथिने मात्र सापडत नाहीत. वाटीभर पातळ वरणात चार-पाच ग्रॅम आणि एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. हा हिशेब घरात मांडावाच लागतो.

दोन तक्रारी मात्र अंगावर काढू नयेत. बायपास होऊन वर्षे उलटल्यानंतरही पोटात अचानक कळा येऊन थांबत नसतील तर ते गॅसचे दुखणे समजू नये. आतड्याचा वेटोळा आतल्या फटीत अडकलेला असू शकतो आणि त्यासाठी त्याच दिवशी सर्जनकडे पोहोचावे लागते. दुसरी तक्रार सतत उलट्यांची. आपल्याकडे उलट्या झाल्या की गावातला डॉक्टर लगेच ग्लुकोजचे सलाईन लावतो. वजनाची शस्त्रक्रिया झालेल्या आणि कित्येक दिवस अन्न न टिकलेल्या रुग्णाला बी-१ (थायमिन) न देता ग्लुकोज दिले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून शस्त्रक्रियेचे नाव, तारीख, सर्जनचा फोन आणि “सलाईनआधी थायमिन द्यावे” ही ओळ एका कार्डावर लिहून घ्यावी. ताईचे कार्ड प्लॅस्टिकमध्ये घालून तिच्या बटव्यात आहे, आणि त्याची एक प्रत आमच्या गावच्या डॉक्टरांच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवलेली आहे.