भोगव्याला होडीने जाताय? आधी तिथी बघा
मालवणजवळच्या देवबागहून होडीने खाडीपलीकडच्या भोगव्याच्या शांत किनाऱ्यावर जायचं, तर कॅलेंडरवर आधी तिथी बघा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते: द्वादशीला १२ची पाऊणपट ९, म्हणजे सकाळी नि रात्री ९च्या सुमारास. (वद्य पक्षात पुन्हा १पासून मोजायचं.) सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी. वाटेतल्या कर्ली खाडीच्या मुखाशी वाळू साचलेली असते. ओहोटीचं बाहेर पडणारं पाणी समोरच्या वाऱ्याला भिडलं की तिथे लाटा उभ्या राहतात, कधी होडी टेकतेही. म्हणून भरती चढत असताना निघा आणि दुपारचा वारा वाढण्याआधी परता. लाइफ जॅकेटचे पट्टे होडीत चढण्याआधीच आवळा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याला ओढ फार, तेव्हा मुखाजवळ पोहणं नकोच.