कवटीच्या शस्त्रक्रियेनंतर डोके आणि चेहरा पूर्ववत दिसावा म्हणून

डोक्याची शस्त्रक्रिया ठरली की घरातील मंडळी प्रथम जिवाचे विचारतात, आणि ते रास्तच आहे. मात्र पुढे कसे दिसणार याचा मोठा भाग शस्त्रक्रियागृहातच ठरत असल्यामुळे, तारीख हातात असेल तर न्यूरोसर्जनशी त्याबद्दल आधीच बोलावे. असे विचारण्यात नटवेपणा नाही.

छेद केसांच्या रेषेमागे घेता येईल का आणि संपूर्ण मुंडण न करता छेदापुरतीच पट्टी कापली तर चालेल का, हे प्रथम विचारावे. सरळ छेदाच्या व्रणावर, विशेषतः ओल्या केसांत, भांग पाडल्यासारखी रेष उघडी पडते. नागमोडी छेदाची रेष केसांखाली अधिक लपते. आदल्या रात्री घरी वस्तऱ्याने केस मुळीच काढू नयेत, कारण त्वचेवरील बारीक ओरखड्यांतून जंतुसंसर्ग होऊ शकतो. कवटी उघडताना पाडलेली छिद्रे तशीच सोडली, तर सूज ओसरल्यावर तेथे बोटाच्या पेराएवढे खड्डे जाणवतात. कपाळावर किंवा टक्कल असलेल्या डोक्यावर ते सहज दिसतात. म्हणून ती टायटॅनियमच्या चकतीने किंवा हाडांच्या सिमेंटने झाकणार का, हेही विचारावे.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो कानशिलाचा खळगा. जबडा हलविणारा पंख्याच्या आकाराचा स्नायू तेथे कवटीला चिकटलेला असतो. तो सोडवून पुन्हा नीट ताणून शिवला नाही किंवा त्याचा रक्तपुरवठा दुखावला, तर तो आकसतो आणि काही महिन्यांनी डोळ्याच्या बाजूला पोकळी दिसू लागते. सुरुवातीला सुजेमुळे ती लक्षात येत नाही. याच स्नायूमुळे तोंड उघडणेही जड जाते. डॉक्टरांच्या परवानगीने जबड्याचा व्यायाम लवकर सुरू करून हळूहळू तीन बोटे उभी मावतील इतके तोंड उघडण्याचे लक्ष्य ठेवावे. खळगा कायम राहिल्यास पोटाची चरबी तेथे भरता येते. मात्र तिचा काही भाग शरीरात जिरतो, त्यामुळे पुन्हा एकदा भरावी लागू शकते. एका बाजूची भुवई वर जात नसेल तर चेहऱ्याच्या नसेची फांदी दुखावलेली असू शकते. ती ताणली गेली असेल तर बहुधा काही महिन्यांत सुधारते, तरी डॉक्टरांना सांगावेच.

पुणे-बंगळूर महामार्गावरील अपघात असो वा गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीला रात्री धडकलेली दुचाकी असो, अशा वेळी विचारायला सवड नसते. मेंदूला सूज असल्यास हाडाचा तुकडा बाहेर काढून पोटाच्या त्वचेखाली किंवा अतिशीत पेटीत ठेवतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत बसवतात. तो कोठे ठेवला आहे हे लेखी घ्यावे. तोवर हाड काढलेल्या बाजूच्या कुशीवर झोपू नये आणि सांगितल्यास संरक्षक टोपी घालावी. मूळ हाड निकामी झाल्यास सीटी स्कॅनवरून, शाबूत बाजूची आरशासारखी प्रतिमा घेऊन, मापाचे कवच बनवता येते. टायटॅनियमची जाळी पातळ व मजबूत असते, पण त्वचा विरळ असल्यास ती उघडी पडण्याची भीती राहते. हाडांचे सिमेंट स्वस्त पडते, तर पीईईके हे प्लास्टिक महाग असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होत असतील, तर त्यात कवचाचा खर्च येतो का, हे आधीच विचारून घ्यावे.

टाके साधारण ७ ते १४ दिवसांत काढतात. जखमेवर हळद, तेल किंवा अंगारा लावू नये; घरातील वडीलधाऱ्यांना हे प्रेमाने, पण ठामपणे सांगावे लागते. खपली गेल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने सिलिकॉन जेल दिवसातून दोनदा, दोन-तीन महिने लावावे. ताजा व्रण उन्हाने काळवंडतो, म्हणून सैल सुती टोपी वापरावी. लग्नसराईत आग्रह झाला तरी करकचून बांधलेला कोल्हापुरी फेटा पहिले काही महिने टाळावा. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालाच्या उधळणीत शिरणे आणि तालमीतील झोंबी याही तूर्त नकोत.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. दोन-तीन महिन्यांनी सर्वच डोक्यावरचे केस गळू लागले तर घाबरू नये. आजारपणाच्या ताणाने असे होते आणि बहुधा भरून येते. व्रणावरची पट्टी उजाड राहिली, तर व्रण पिकायला वर्षभर द्यावे आणि मग केसरोपणाचा विचार करावा. तेव्हा, तसेच न्हाव्याकडे जाताना, डोक्यात चकती, जाळी किंवा कवच बसवले असल्यास तसे सांगावे.

व्रणातून पाण्यासारखा स्राव आला, ताप आला, लाली वाढली किंवा त्वचेतून धातू दिसू लागला, तर तो दिसण्याचा प्रश्न उरत नाही. त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे जावे.