नवा कॅमेरा घ्यायच्या आधी या चुका टाळा

"मोबाईलवर फोटो धुरकट येतात, कॅमेरा कोणता घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी मोबाईलच्या कॅमेऱ्याची काच पुसायला लावतो. उन्हाळ्यात आपल्या मराठवाड्यात धुळीला तोटा नाही, त्यावर घाम आणि बोटांचं तेल. दिव्याभोवती रेघा फाकतात त्या बहुतेकदा यानेच. मऊ सुती कापड फिरवा, कित्येकांचे पैसे तिथंच वाचतात.

आमच्या दाजींचे वाचले नाहीत. ऐन लग्नसराईत त्यांनी १८-५५ एमएमच्या झूम लेन्सचा कॅमेरा घेतला आणि रात्रीची हळद सगळी ऑटोवर काढली. हळद लावणारे हात नुसते पिवळे फराटे! भाचीच्या मोबाईलमध्ये मात्र बोटातली अंगठीसुद्धा दिसत होती. मोबाईल एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेऊन जोडतो, कॅमेरा एरवी एकच घेतो. त्यात ही लेन्स झूम करून ५५ वर नेली की एफ ५.६ वर अडते, तिचं तोंड त्याहून मोठं उघडत नाही. शटर प्रायॉरिटीवर, म्हणजे शटरचा वेग आपण ठरवायचा तिथं, १/१२५ सेकंद ठेवा, आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत जाऊ द्या. दाणे दिसले तरी चालतील, हललेला फोटो कशाच्याच कामाचा नाही. एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त; ५० एमएम एफ १.८ लेन्स घेतली तर एफ ५.६ च्या नऊ-दहापट प्रकाश मिळतो. फक्त छोट्या खोलीत भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागं सरकावं लागतं.

वेरूळलाही जागेचीच अडचण. १६ नंबरच्या लेण्याच्या अंगणात १८-५५ मध्ये कैलास मावत नाही, मोबाईलच्या ०.५ च्या रुंद लेन्समध्ये बराचसा मावतो. फोन वर तिरका केला की खांब मात्र आत झुकतात, म्हणून सरळ धरा. अजिंठ्यात शिरण्याआधी फ्लॅश ऑटोवरून बंद करा, तिथं फ्लॅशला मनाई आहे.

जायकवाडी धरणाच्या नाथसागरावरचे रोहित पक्षी मोबाईलच्या ३० एक्स झूमने टिपू नका. तो झूम बराचसा कापून मोठा केलेला तुकडा असतो, पिसांऐवजी जलरंगाचे डाग दिसतात. खरा कॅमेरा लागतो तो इथं: ३०० एमएमची लेन्स आणि उडत्या पक्ष्याला निदान १/१००० शटर. धरणावरच्या वाऱ्यात लेन्स बदलू नका, सेन्सरवर धूळ बसते. बदलायचीच तर गाडीत, काचा वर करून.

आणि काढलेले फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दाजींनी साधेच पाठवले, ते आकसून आले, आणि भाची मला म्हणाली, "मामा, यापेक्षा माझेच बरे होते की."